सिक्युअर बूटच्या ‘की’ विकणाऱ्याने माझे १९,४९९ रुपये लुबाडले

संगणकाच्या फर्मवेअरमध्ये (विंडोजच्याही आधी चालणाऱ्या मूळ प्रणालीत) सिक्युअर बूट, म्हणजे संगणक सुरू होताना फक्त विश्वासू सॉफ्टवेअरच चालू देणारी सुरक्षा, ‘एनेबल्ड’ दिसत होता आणि विंडोज मात्र तो ‘ऑफ’ असल्याचे सांगत होते, म्हणून मी कंपनीचा मदत क्रमांक शोधला आणि सर्वांत वर आलेल्या जाहिरातीतला क्रमांक फिरवला. पुढचे तुम्ही ओळखालच: स्क्रीन ताब्यात घेणारे ॲप, आधी गोड बोलणे, मग भीती घालणे.

‘२०११ची प्रमाणपत्रे कालबाह्य होत आहेत, तुमच्या की बाद झाल्या,’ असे फोनवरच्या माणसाने ठणकावले. (की, म्हणजे विश्वासू सॉफ्टवेअर ओळखणाऱ्या डिजिटल किल्ल्या, आणि ही प्रमाणपत्रे फर्मवेअरमध्येच साठवलेली असतात.) मायक्रोसॉफ्टच्या त्या प्रमाणपत्रांची मुदत जून २०२६पासून खरोखरच संपू लागते आणि हे मी आधी वाचलेले होते, त्यामुळे माझ्या जागी कोणाचाही विश्वास बसला असता. मात्र त्यांच्या जागची २०२३ची प्रमाणपत्रे विंडोज अपडेटमधून विनामूल्य येतात आणि मुदत संपली तरी संगणक सुरू होतो, हे त्याने दडवले. ‘नूतनीकरणा’चे ४,९९९ रुपये आणि ‘कायमस्वरूपी की’चे १४,५०० रुपये त्याने उकळले.

‘की बसवली,’ असे तो म्हणाला, तो क्षण मला अजून जाळतो, कारण तोवर संगणक एकदाही रीस्टार्ट झालेला नव्हता. सिक्युअर बूटमधला बदल रीस्टार्टशिवाय लागू होतच नाही, आणि विंडोजमध्ये चालणाऱ्या त्या ॲपला फर्मवेअरचा पडदा दिसतही नाही. दुसरी रक्कम त्यानंतर गेली.

बँकेने सांगितले की ओटीपी तुम्हीच दिला, म्हणजे व्यवहार संमतीचा. पोलिसांनी ऑनलाइन तक्रार करा म्हणून परत पाठवले. ऑनलाइन अर्जाने बँकेचे पत्र मागितले. बँक म्हणते, आधी पोलिसांची पोच आणा. जाहिरात छापून पैसे कमावणाऱ्यांनी तर ती ‘धोरणांत बसते’ असे कळवले! चोर एकच होता, पण त्याला पाठीशी घालणारे किती आहेत!

मूळ दोष एवढाच होता की फर्मवेअर ‘सेटअप मोड’मध्ये होते, म्हणजे की भरलेल्याच नव्हत्या. ‘रिस्टोअर फॅक्टरी कीज’ निवडून, बदल जतन करून रीस्टार्ट केल्यावर एमएसइन्फो३२ या विंडोजच्या माहिती-पडद्यावर ‘ऑन’ दिसले. हे करण्याआधी बिटलॉकरची (विंडोजमधल्या डिस्क-कुलपाची) ४८ अंकी रिकव्हरी की लिहून ठेवा, कारण अशा बदलानंतर ती मागितली जाऊ शकते. फोनवर ती कोणालाही वाचून दाखवू नका. मदत क्रमांक कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या. ॲप आधीच टाकले असेल, तर प्रथम इंटरनेट तोडा, ॲप काढा आणि पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदला.