हदीस : नुसता अनुवाद की भाष्यासह?

हदीस, म्हणजे पैगंबर मुहम्मदांच्या वचनांच्या आणि कृतींच्या नोंदी, वाचायला घेणाऱ्या एका मैत्रिणीचा हा प्रश्न. वेळ आणि खर्च पाहिला तर अनुवादच सोयीचा. पण अर्थाचं काय? कुर्बानीचं मांस तीन दिवसांहून अधिक ठेवू नका, असं पैगंबरांनी एकदा सांगितलं. एवढंच वाचलं तर हा कायमचा नियम वाटतो. भाष्य कारण सांगतं: त्या वर्षी वाळवंटातले गरजू लोक मदिनेत आले होते, मांस त्यांच्यापर्यंत पोहोचायला हवं होतं. पुढे साठवायची मुभा पैगंबरांनीच दिली. मेहनत मात्र मोठी; इब्न हजर (मृत्यू १४४९) यांचं बुखारी या हदीससंग्रहावरचं भाष्य अनेक खंडांचं आहे, आणि भाष्यकारही आपापल्या काळाचेच असतात.

दान, शेजारधर्म, बोलण्यातला संयम यांसाठी अनुवाद पुरे. कायदा, स्त्रिया, युद्ध यांविषयी मत बनवायचं असेल तर भाष्यच घ्यावं.