जुन्या घराच्या छपराला फॉइल की दुहेरी कौले?

फोंड्याकडच्या आमच्या जुन्या घरात मागच्या पडवीवर कौलांखाली बबलवाले फॉइल (हवेच्या बुडबुड्यांच्या प्लास्टिकला चकचकीत पापुद्रा लावलेला पत्रा) आहे आणि माजघरावर मंगळुरी कौलांखाली सिलिंगच्या सपाट कौलांचा दुसरा थर. दोन्हींखाली उन्हाळे-पावसाळे काढल्यावर हे लिहितो आहे.

निव्वळ उकाड्याचे म्हणाल तर एप्रिलच्या दुपारी फॉइल थोडे सरस वाटते. हलके, स्वस्त, काम झटपट. मात्र चकचकीत बाजूला निदान इंचभर मोकळी हवा हवीच. कौलाला चिकटवले तर तिचा उपयोग नाही. ती बाजू खाली ठेवली तर धूळ बसत नाही आणि गुण टिकतो.

माझा कौल ठरला तो गळतीवर. छपरावरून माकडे गेली की एखादे कौल सरकते किंवा फुटते. दुहेरी कौलांत साधारण त्याच जागी खाली डाग दिसतो. फॉइलवर पडलेले पाणी मात्र उतारावरून घरंगळत जाते आणि जिथे खिळ्याचे भोक किंवा सांधा सापडेल तिथून टपकते. टपकते भिंतीपाशी, फुटलेले असते आढ्याजवळ! मग भर जुलैत शेवाळलेल्या छपरावर माणूस चढवून एकेक कौल उचलून पाहायचे, आणि अशा पावसात माणूस मिळणेही कठीण. तोवर रिपा (कौले ज्यांवर टेकतात त्या लाकडी पट्ट्या) ओल्याच राहतात, बुरशी धरते, मागोमाग वाळवी.

आपल्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस. भाजलेली माती पाणी पिते. ते सुकायला खालून वारा लागतो. सिलिंगच्या कौलांच्या फटींतून तो खेळतो, फॉइल ती वाट अडवते. वळचण आणि आढे खुले ठेवून, वाशांच्या खालून फॉइल मारले तर त्रास बराच कमी व्हावा.

दुहेरी थराचे वजन मात्र विसरू नका. वासे वाळवीने पोखरलेले असतील तर आधी ते बदलावे लागतील, आणि खर्च तिथेच वाढतो. मधल्या पोकळीत उंदीरही शिरतात. वळचणीला जाळी मारून घ्या.

एसीची खोली असेल तर गणित वेगळे. तिथे बाहेरची दमट हवा आत शिरून थंड पृष्ठभागावर पाणी सुटते, म्हणून त्या एका खोलीपुरते सांधे टेपने बंद केलेले फॉइल आणि त्याखाली फॉल्स सिलिंग योग्य. बाकी घरावर मी तरी दुहेरी कौलेच घालीन, आणि मे उजाडण्याआधी मेस्त्रीला वर चढवून वासे ठोकून पाहीन.