अलिबागला गाडी चार्ज करायची तर फास्ट चार्जर की हॉटेलचा १५ अँपचा सॉकेट?

मुंबईहून अलिबाग रस्त्याने साधारण शंभर किमी, त्यात भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने (गाडीसकट नेणाऱ्या बोटीने) मांडव्याला उतरलात तर बॅटरी जवळपास तशीच राहते, म्हणून मुक्काम असेल तर माझं मत सरळ सॉकेटला. ३० किलोवॅट-तासाची बॅटरी सॉकेटवर रात्रभरात, म्हणजे ८-१० तासांत भरते, तुम्ही जेवा, झोपा, सकाळी ओहोटीला चालत कुलाबा किल्ला बघून या, गाडी फुल्ल. फक्त बुकिंग करतानाच फोनवर विचारा की पार्किंगपाशी सॉकेट आहे का आणि अर्थिंग नीट आहे का, कारण अर्थिंग नसेल तर चार्जिंग सुरूच होत नाही बऱ्याचदा, आणि एक्स्टेंशन बोर्ड लावून चार्ज करू नका प्लीज, वायर तापते.

चार्जिंग स्टेशनवरचा डीसी फास्ट चार्जर तासाभरात ८० टक्क्यांपर्यंत नेतो, पुढे स्पीड पडतो म्हणून तिथेच काढा, मागे कोणीतरी थांबलेलं असतं. युनिटचा रेट घरच्यापेक्षा बराच जास्त, वर १८ टक्के जीएसटी. एका दिवसात जाऊन येणाऱ्यांना किंवा पुढे मुरुडला निघालेल्यांना मात्र हाच बरा. शनिवार-रविवारी रांग लागते, मी दीड तास थांबलोय, त्यामुळे शक्यतो सकाळी लवकर गाठा.