डी अँड डी चं प्लेअर्स हँडबुक (2014): माझी पुस्तकवेडी हाफलिंग सॉर्सरर

फोंड्यात आमचा पाच जणांचा ग्रुप आहे, पावसात दर रविवारी डी अँड डी म्हणजे डन्जन्स अँड ड्रॅगन्स (प्रत्येकाने एक पात्र बनवून, डाय टाकत गोष्ट पुढे न्यायचा खेळ) खेळायला बसतो, आणि यंदा मी ठरवलं की अभ्यासू हाफलिंग (बुटक्या लोकांची जमात) आणि वर्गाने सॉर्सरर (उपजत जादू असलेली) असंच पात्र करायचं. 2014 च्या फ्री बेसिक रूल्समध्ये सॉर्सरर नव्हताच, फक्त फायटर, क्लेरिक, रोग, विझार्ड हे वर्ग होते, त्यामुळे प्लेअर्स हँडबुक हे नियमांचं पुस्तक घ्यावंच लागलं.

अडचण अशी की सॉर्सररची जादू करिश्मावर (व्यक्तिमत्त्वाच्या प्रभावावर) चालते, अभ्यासावर नाही, मग विदुषी कशी करायची? पण सेज (विद्वान) हे बॅकग्राउंड, म्हणजे पात्राची पार्श्वभूमी, घेतलं की आर्काना (जादूचं ज्ञान) आणि हिस्टरी ही कौशल्यं मिळतात, वर दोन भाषा, आणि एखादी माहिती आठवत नसेल तर ती कुठे सापडेल हे तिला ठाऊक असतं. हे मला फारच आवडलं! पणजीतल्या पाटोच्या कृष्णदास शामा लायब्ररीत कुठलं कपाट कुठे ते बरोबर सांगणारी माणसं असतात ना, अगदी तशी. लाइटफूट ही हाफलिंगची पोटजात घेतली म्हणून डेक्स्टॅरिटी (चपळाई) 2 ने आणि करिश्मा 1 ने वाढला, करिश्मा 15 चा 16 झाला, इंटेलिजन्सला 13 ठेवले. ड्रॅगनच्या वंशातली केल्यामुळे चिलखत न घालता आर्मर क्लास (शत्रूला वार लागायला गाठावा लागणारा आकडा) 16, आणि वीस बाजूंच्या डायवर 1 पडला की हाफलिंगला परत टाकता येतो, त्याने पहिल्याच रविवारी वाचवलं.

एक तक्रार, पहिल्या लेव्हलला कँट्रिप (कितीही वेळा करता येणारी छोटी जादू) सोडून फक्त 2 स्पेल्स, वाचनवेड्या पात्राला हे खूप कमी वाटतं. तरी घ्याच, माझ्याकडून 5 पैकी 4.