इव्हॅपो-रस्ट: मार्लिनच्या पोटात चालेल, पाठीवर नको

अमेरिकेत गंज काढायला कुठलं लिक्विड घेऊ असं विचारलं की हमखास इव्हॅपो-रस्टचं नाव पुढे येतं. चीज चांगलीच आहे. पण तळघरात किंवा बार्नमध्ये वर्षानुवर्षं पडून गंजलेली लिव्हर-अ‍ॅक्शन रायफल (चापाजवळची लिव्हर खाली-वर करून काडतूस भरायची) उजळवायची असेल, तर ते निम्म्याच कामाचं आहे. कुठलं निम्मं हे आधी समजून घेतलं नाही, तर गंजाबरोबर रायफलचा रंगही धुऊन निघतो.

कारण साधं आहे. बंदुकीच्या नळीवरचं निळसर-काळं ब्लूइंग हासुद्धा लोखंडाचा ऑक्साइडच, फक्त काळा आणि धातूला घट्ट धरून राहणारा. इव्हॅपो-रस्ट लोखंडाचा ऑक्साइड धरून द्रावणात ओढून घेतं. लाल कोणता, काळा कोणता, हा भेद त्याला कळत नाही. चांगली नळी रात्रभर बुडवून ठेवली की सकाळी पांढरट-राखाडी लोखंड हातात येतं. हा मालातला दोष नाही, लिक्विड आपलं काम चोख करतं. चूक बुडवणाऱ्याची.

उदाहरणाला मार्लिन ३३६ घेऊ. १९४८ साली आलेलं मॉडेल, बहुतेक .३०-३० काडतुसाच्या मापात मिळतं आणि जुन्या बाजारात मुबलक आहे. १९७३ नंतरच्या मालात सीरियल नंबरचे पहिले दोन आकडे शंभरातून वजा केले की साल निघतं: २५ ने सुरू होत असेल तर १९७५. (२००० पासून पुढे हिशोब बदलतो.) नळीवर रिसीव्हरजवळ (बोल्ट बसतो ती मधली पेटी) अंडाकृतीत ‘जेएम’ शिक्का असेल तर ती जुन्या मार्लिन कारखान्याची नळी.

सगळ्यात आधी रायफल रिकामी करा. गंजलेल्या मॅगझिनमध्ये काडतूस अडकून बसलेलं असू शकतं आणि लिव्हर हलवून ते बाहेर येतंच असं नाही. चेंबरमध्ये बोट घालून बघा, नळीतून सळई घालून बघा. काडतूस अडकलेलं दिसलं तर तिथेच थांबून रायफल गनस्मिथकडे न्या.

मग स्क्रू. या कामाची निम्मी नासधूस इथेच होते. नेहमीच्या स्क्रूड्रायव्हरचं पातं टोकाला निमुळतं असतं. जोर दिला की ते खाचेतून वर सरकतं आणि खाचेची कड उलटते. समांतर बाजूंचं, खाचेच्या रुंदीला आणि जाडीला नेमकं बसणारं पातं लागतं. ब्राउनेल्सचे मॅग्ना-टिप बिट त्यासाठीच आहेत. पैसे वाचवायचे तर लिक्विडमध्ये वाचवा, यात नाही. अडकलेल्या स्क्रूवर क्रॉइल या भेदक तेलाचे दोन थेंब टाकून रात्रभर सोडा, सकाळी पात्याच्या मुठीवर हलका ठोका द्या, मग फिरवा. तेल आट्यांत शिरायला वेळ लागतो, घाई केली की डोकं तुटतं.

३३६ ची खोलाखोल सोपी आहे. लिव्हर अर्धवट उघडा, तिचा स्क्रू काढा, लिव्हर बाहेर. बोल्ट, म्हणजे चेंबर बंद करणारा सरकता ठोकळा, मागे ओढून काढा. रिसीव्हरच्या आतल्या भिंतीवरचा इजेक्टर उचलून घ्या, नाहीतर तो कुठेतरी पडून हरवतो. पुढे दस्ता, मेनस्प्रिंग, घोडा. मॅगझिनच्या टोकाचं बूच काढताना अंगठा त्यावर दाबून धरा. आतली लांब स्प्रिंग दबलेली असते, बूच गोळीसारखं सुटतं.

बोल्ट मागून निघतो याचा आणखी एक फायदा म्हणजे नळी मागच्या बाजूने साफ करता येते. विंचेस्टर ९४ मध्ये ती सोय नाही, सळई तोंडातूनच घालावी लागते आणि सळई घासून तोंडाची कड झिजली की नेम बिघडतो. तिथे सळईवर पितळी मार्गदर्शक घाला.

आता इव्हॅपो-रस्टची खरी जागा: कॅरिअर, लॉकिंग बोल्ट, इजेक्टर, स्प्रिंगा, आतले स्क्रू. बाहेरून न दिसणारे, आकाराने वेडेवाकडे, ब्रश न पोचणारे भाग. आधी अ‍ॅसिटोनने तेल पूर्ण काढा. तेलाचा थर असला की लिक्विड धातूपर्यंत पोचत नाही, आणि मग लोक ‘चालतच नाही’ म्हणून तक्रार करतात. तापमान किमान १८ अंश सेल्सियस हवं, थंड गराजमध्ये ते सुस्त पडतं. हलक्या गंजाला काही तास पुरतात, जाड गंजाला रात्र. भाग पूर्ण बुडलेला पाहिजे. अर्धा बाहेर राहिला तर पाण्याच्या पातळीला बारीक कोरल्यासारखी रेघ उमटते आणि ती पॉलिश पेपरशिवाय जात नाही.

इथे ते व्हिनेगर किंवा म्युरिअ‍ॅटिक अ‍ॅसिडपेक्षा नक्कीच सरस. अ‍ॅसिड गंजासोबत लोखंडही खातं, शिवाय कडक केलेल्या स्प्रिंगमध्ये हायड्रोजन शिरून ती ठिसूळ होते आणि पुढे कधीतरी मोडते. इव्हॅपो-रस्टमध्ये ही भीती नाही, वासही येत नाही, हातमोजे नसले तरी कातडी सोलत नाही. कडक पोलादावर काळपट साय बसते. ती ओल्या फडक्याने पुसली जाते. सोनेरी मुलाम्याचा चाप मात्र बुडवू नका. मुलाम्याखाली गंज शिरला असेल तर तो गेला की मुलामाही सुटतो.

बाहेर काढल्यावर धुवा, लगेच हेअर ड्रायरने वाळवा आणि गरम असतानाच तेल लावा. नागडं लोखंड बघता बघता पुन्हा पिवळं पडतं.

नळी, रिसीव्हर, लिव्हर आणि मॅगझिनची नळी यांना लिक्विड नको, उकळतं पाणी हवं. लाल गंज उकळत्या पाण्यात काळ्या ऑक्साइडमध्ये बदलतो, तोच ब्लूइंगमध्ये असतो. म्हणजे गंज खरवडून टाकण्याऐवजी त्यालाच कामाला लावायचं. नळी रिसीव्हरमधून काढायची गरज नाही. तीन फुटांहून लांब स्टीलचा हौद, खाली दोन शेगड्या, डिस्टिल्ड पाणी. नळाच्या पाण्यातले क्षार डाग पाडतात. जस्ताचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा हौद घेऊ नका. लाकूड आणि स्प्रिंगा काढलेल्या, तेल संपूर्ण काढलेलं, सुटे पापुद्रे आधी खरडलेले. २० ते ३० मिनिटं खळखळ उकळा. बाहेर काढल्यावर धातू स्वतःच्याच उष्णतेने कोरडा होतो आणि लाल भाग तव्यासारखा काळा, मखमली दिसतो. ही मखमल तेल काढलेल्या ०००० नंबरच्या स्टील वूलने हलक्या हाताने पुसायची. दुकानातल्या स्टील वूलला तेल असतं, ते अ‍ॅसिटोनमध्ये धुऊन घ्या. लाल दिसेनासं होईपर्यंत पुन्हा उकळा, पुन्हा पुसा, बहुधा दोन-तीन फेऱ्या. शेवटी गरम धातूला तेल.

खड्डे भरत नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो. चकाकीही येत नाही. येतो तो शांत, जुना, एकसारखा काळा रंग. ज्यांना आरसा हवा आहे त्यांनी पॉलिश करून हॉट ब्लूइंगला (गरम क्षारांच्या द्रावणात बुडवून केलेलं ब्लूइंग) द्यावं, पण १९६४ पूर्वीच्या विंचेस्टरवर तसं केलं की संग्राहकाच्या लेखी किंमत घसरते. १९६४ नंतरच्या काही वर्षांच्या विंचेस्टर ९४ चं तर वेगळंच दुखणं आहे: रिसीव्हरचा मिश्रधातू नेहमीच्या ब्लूइंगला दाद देत नाही. ते रिसीव्हर तेल आणि मऊ पितळी लोकरीने पुसून सोडून द्यावेत.

लिक्विडमधून निघालेल्या स्क्रूंची डोकी पांढरी दिसतील. त्यांना ऑक्स्फो-ब्लू हे हाताने लावायचं ब्लूइंगचं द्रावण लावा. धातू थोडा गरम करून, कापसाने, दोन-तीन हात. संपूर्ण नळीवर हे लावू नका, ढग-ढग दिसतं.

सगळं जोडलं म्हणजे रायफल चालवायला तयार झाली असं नाही. हेडस्पेस, म्हणजे बोल्ट बंद असताना काडतुसाला मिळणारी जागा, गो आणि नो-गो गेजने तपासून घ्या, नळीच्या आत गोल कड्यासारखी सावली दिसते का बघा. दिसली तर नळी फुगलेली आहे, ती बाद.

एच-१बीवर असलेल्यांसाठी: अमेरिकी संघीय कायद्यात नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदूक बाळगायला मनाई आहे. वैध शिकारी परवाना हा एक अपवाद, पण तो खरेदीच्या आधी हातात हवा. भावाच्या गराजमधली रायफल ‘फक्त साफ करायला’ घरी आणणंही बाळगणंच ठरू शकतं. १८९८ किंवा त्याआधी बनलेली रायफल संघीय व्याख्येत ‘अँटिक’ मोडते, राज्याचे नियम वेगळे बघावेत.

विकत काय घ्यावं? गॅलनचा डबा नको. ३३६ चे आतले भाग एका छोट्या प्लॅस्टिकच्या डब्यात मावतात, त्याला एक क्वार्ट पुरतो. तोच गाळून पुन्हा वापरता येतो. काळाकुट्ट झाला आणि गंज हलेनासा झाला की संपला. उरलेले पैसे डिस्टिल्ड पाण्यावर घाला.