फोटो पाठवला आणि घड्याळ ‘सापडलं’

गेल्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातला एक सहकारी मोठ्या आनंदाने सांगत होता. त्याच्या वडिलांचं हरवलेलं घड्याळ शोधून देणारा एक माणूस त्याला भेटलाय. “बाबांचा लग्नातला फोटो पाठवलाय त्याला. म्हणाला, अगदी तेच मॉडेल महिन्याभरात मिळवून देतो.” माझा घास हातातच राहिला. गेल्या वर्षी जवळजवळ याच शब्दांत मी घरी येऊन बायकोला सांगितलं होतं. त्याला तिथेच सगळं सांगून टाकलं. पण असे फोटो पाठवणारे आणखी बरेच असणार, म्हणून सविस्तर लिहितोय.

मी गेली नऊ-दहा वर्षं जुनी घड्याळं जमवतोय. सुरुवात एचएमटीपासून झाली. जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने १९६१ साली बंगळुरूला सुरू झालेला तो कारखाना. २०१६ मध्ये सरकारने घड्याळ कंपनी बंद करायला मंजुरी दिली आणि आमच्या घरी कपाटात पडून राहिलेल्या ‘जनता’कडे मी पहिल्यांदा नीट पाहिलं. चावी दिली, चालू झालं. मग ‘पायलट’ आलं, ‘कोहिनूर’ आलं, आणि रविवारी सकाळी पुण्याच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात चक्कर मारायची सवय लागली.

मला घड्याळ ‘शोधून देणारा’ माणूस तिथेच भेटला. तिशीतला, अतिशय नम्र. त्याच्याकडून मी पहिल्यांदा देवनागरी आकड्यांचं एक ‘जनता’ घेतलं. पैसे देणार इतक्यात तो म्हणाला, “काका, थांबा. काचेवर इथे बारीक चरा आहे. घरी गेल्यावर दिसला तर तुम्हाला वाटेल मी लपवला.” आणि दोनशे रुपये कमी घेतले. ते घड्याळ खरंच अस्सल होतं, आजही चालतं. त्या दोनशे रुपयांत त्याने माझा पुढचा सगळा विश्वास विकत घेतला, हे मला फार उशिरा कळलं. जो माणूस लहान दोष स्वतःहून दाखवतो, त्याची मोठी गोष्ट आपण तपासत नाही.

पुढचं समजायला मामांची गोष्ट सांगायला हवी. माझे मामा १९४४ चे. १९६१ च्या जूनमध्ये ते मॅट्रिक पास झाले, तेव्हा आजोबांनी त्यांना फेवर ल्युबाचं घड्याळ घेऊन दिलं. त्या काळात कारकुनाच्या घरात स्विस घड्याळ येणं ही केवढी गोष्ट! मुलाला नवं घड्याळ घालून आजोबा त्याला लगेच स्टुडिओत घेऊन गेले. फोटोत मामा खुर्चीवर ताठ बसलेत आणि डावा हात मुद्दाम टेबलावर ठेवलाय, घड्याळ दिसावं म्हणून. त्याची एक प्रत साताऱ्याच्या आत्याआजीकडे पाठवली होती.

पुढच्याच महिन्यात, १२ जुलैला, पानशेत धरण फुटलं. मामांचं घर नारायण पेठेत, नदीपासून हाकेच्या अंतरावर. घड्याळ कोनाड्यात काढून ठेवलेलं. सगळे अंगावरच्या कपड्यांनिशी पर्वतीकडे पळाले. पाणी ओसरल्यावर परत आले तर वाड्याची मागची भिंतच नव्हती. गाळात दोन पितळी डबे सापडले, आजीचा खलबत्ता सापडला. घड्याळ नाही. मामांनी ते महिनाभरसुद्धा वापरलं नव्हतं. पुढे नोकरी लागल्यावर त्यांनी दुसरं घड्याळ घेतलं, पण पानशेतचा विषय निघाला की ते घरापेक्षा त्या घड्याळाबद्दलच बोलायचे. साताऱ्याची प्रत तेवढी उरली. ती आजही त्यांच्या दिवाणखान्यात आहे.

मामांचं सहस्रचंद्रदर्शन ठरलं तेव्हा माझ्या मनात आलं, तसंच घड्याळ त्यांच्या हातात बांधायचं. जुन्या बाजारातल्या त्या माणसाला मी सगळं सांगितलं. पूर, आजोबा, मॅट्रिक, सगळं. ऐकताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं. मग तो म्हणाला, “काका, मामांचा ते घड्याळ घातलेला एखादा फोटो आहे का? म्हणजे मॉडेलची खात्री करता येईल.” मी साताऱ्याच्या फोटोचा मोबाइलवर फोटो काढून पाठवला. घड्याळाचा वेगळा, जवळून काढलेलाही पाठवला.

एकोणीस दिवसांनी त्याचा फोन आला. “काका, नशीब बघा मामांचं!” नाशिकच्या एका निवृत्त शिक्षकांच्या घरातून माल निघालाय, पेटीतून कधी बाहेरसुद्धा काढलेलं नाही. फोटोत डायल निळं, सहाच्या जागी सेकंदाचा छोटा काटा, बाराचा आकडा मोठा, बाकी रेघा. मामांच्या फोटोशेजारी ठेवून पाहिलं तर तंतोतंत. तो सांगत होता ती माहितीही खरी होती: फेवर ल्युबा १७३७ ची कंपनी, १८६५ पासून भारतात. मी घरी येऊन पडताळून पाहिलं, दोन्ही बरोबर निघालं. कंपनीची माहिती तपासली आणि मला वाटलं, घड्याळ तपासलं.

सत्तावीस हजार पाचशे. पाच हजार आगाऊ, बाकीचे हातात घेताना. पैसे मोबाइलवरून एका बाईंच्या नावाच्या खात्यावर गेले. “वहिनीचं खातं आहे” म्हणाला. पावती मी मागितली नाही.

कार्यक्रमाच्या आदल्या रात्री मी दिवे मालवून मुलांना घड्याळ दाखवलं. काटे अंधारात हिरवे लखलखत होते. मुलं हरखली. “साठ वर्षांपूर्वीचं रेडियम बघा,” मी म्हणालो. पुरावा माझ्या डोळ्यांसमोर चमकत होता आणि मी त्याचंच कौतुक करत होतो. त्या काळच्या काट्यांवर रेडियम असायचं हे खरं, आणि रेडियम स्वतः शेकडो वर्षं टिकतं हेही खरं. पण त्याच्यासोबत मिसळलेलं जे द्रव्य उजेड देतं, ते काही वर्षांतच निकामी होतं. म्हणून तेव्हाचे मूळ काटे आज अंधारात काळेच दिसतात. जुन्या घड्याळाचे काटे उजेड दाखवून नव्यासारखे चमकले, तर त्यांवरचा रंग नवा आहे.

सहस्रचंद्रदर्शन छान झालं. दिव्यांनी ओवाळलं, मी मामांच्या हातात घड्याळ बांधलं, सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. मामांनी ते कानाला लावलं, कितीतरी वेळ हात खाली घेतला नाही.

संध्याकाळी पाहुणे पांगल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. अगदी हळू, मला वाईट वाटू नये अशा आवाजात म्हणाले, “अरे, फार सुंदर आहे. पण माझं पांढरं होतं रे.”

“मामा, फोटोत तर निळं आहे.”

“तो काळा-पांढरा फोटो. आप्पांनी, तुझ्या आजोबांनी, हौसेने रंग भरून घेतला. स्टुडिओत एक रंगारी बसायचा, ब्रशने रंगवायचा. शर्ट बघ, गुलाबी केलाय. माझ्याकडे कधी गुलाबी शर्ट होता का?”

मी भिंतीवरच्या फोटोकडे पाहत राहिलो. गुलाबी शर्ट, लालसर ओठ, मागच्या पडद्याला हिरवा रंग. आणि घड्याळात त्या रंगाऱ्याने भरलेला निळा ठिपका. नाशिकच्या मास्तरांच्या पेटीत साठ वर्षं पडून राहिलेल्या घड्याळाचा निळा नेमका तोच.

त्याने घड्याळ शोधलं नव्हतं. मी पाठवलेल्या फोटोवरून ते बनवून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी बुधवार पेठेतल्या एका जुन्या घड्याळजींकडे गेलो. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, झाकण उघडलं आणि मला म्हणाले, “बसा.” मशीनच्या प्लेटवर फेवर ल्युबाचं नाव कुठेच नव्हतं, कुठल्याशा साध्या स्विस कंपनीचं चावीचं मशीन. मग त्यांनी डायल काढून पालथं केलं. डायलला मागच्या बाजूला दोन बारीक पाय असतात, ते मशीनच्या ठरलेल्या भोकांत बसतात. प्रत्येक मशीनची भोकं वेगळ्या जागी. दुसऱ्याच घड्याळाचं डायल बसवायचं असेल तर पाय आड येतात. म्हणून ते कापून टाकलेले, आणि डायल चिकटवलेलं. पुढच्या बाजूची अक्षरं भिंगातून दाखवली: कडा पसरलेल्या, मिनिटांच्या रेघा तासाच्या खुणांना नीट मिळत नव्हत्या. केसला, म्हणजे बाहेरच्या कवचाला, इतका बफ मारलेला, इतकं घासून चकाकवलेलं, की कोपरे गोल झालेले. “न वापरलेल्या घड्याळाला बफ कशाला मारतील?” ते म्हणाले. सगळं मिळून दोन-अडीच हजारांचा माल.

त्यांनी एक गोष्ट सांगितली ती मला न्याय्य वाटते. डायल रंगवून देणं हे वाईट काम नाही. ओल लागून खराब झालेलं डायल लोक स्वतःहून रंगवून घेतात, ते रंगवणारे हात कसबी असतात. मी स्वतःही एका ‘पायलट’चं डायल करून घेतलंय आणि तसं सांगूनच मित्राला दिलंय. फॅशन स्ट्रीटवर मोठ्या स्विस ब्रँडची ‘फर्स्ट कॉपी’ घेणाऱ्यालाही आपण काय घेतोय हे ठाऊक असतं. ते विकणं कायद्याने गुन्हा आहे, पण निदान घेणाऱ्याच्या मनात घोळ नसतो. इथे मात्र ‘मूळ’ या एका शब्दाचे पंचवीस हजार लावले होते. आणि तो शब्द त्याने माझ्या आजोबांच्या हौसेवर चिकटवला होता. त्याचा मला अजून राग येतो.

त्याला फोन केला. आधी म्हणाला, “काका, जुन्या वस्तूत थोडंफार इकडेतिकडे असतं.” मग म्हणाला, “मी रिस्टोर केलेलं आहे असं सांगितलं होतं.” मी मोबाइल उघडून जुने मेसेज पाहायला लागलो तर ‘न वापरलेलं, मूळ’ असं लिहिलेला मेसेज जागेवर नव्हता, माझ्या डोळ्यांदेखत आणखी दोन गेले. संध्याकाळपर्यंत नंबर ब्लॉक. हा व्यवहार करणाऱ्या प्रत्येकाला माझी कळकळीची विनंती आहे: बोलणं चालू असतानाच रोजच्या रोज स्क्रीनशॉट काढून ठेवा. माझ्याकडे सुदैवाने एकच उरला होता, बायकोला कौतुकाने पाठवलेला. त्यात ‘ओरिजिनल फेवर ल्युबा, कधीच न वापरलेलं’ हे शब्द आहेत.

आणि आपल्याला काय हवंय ते विकणाऱ्याला आधी सांगू नका. त्याच्याकडे जे आहे ते त्याला दाखवू द्या. आकडे कसे होते, सेकंदाचा काटा कुठे होता, रंग कोणता, हे तुमच्या मनात ठेवा आणि समोर आलेलं घड्याळ त्याच्याशी ताडून बघा. फोटो द्यायचाच असेल तर घड्याळ झाकून द्या. आगाऊ रक्कम देण्याआधी झाकण उघडलेल्या मशीनचा स्पष्ट फोटो मागा, आणि जमलं तर डायलच्या मागच्या बाजूचाही. जो खरा आहे तो आनंदाने पाठवतो. मी नंतर तिघांकडे मागून पाहिला, दोघांनी तासाभरात पाठवला. तिसऱ्याने “विश्वास नसेल तर राहू द्या” असं लिहिलं, तेव्हा मी राहू दिलं.

पोलिसांत अर्ज दिलाय. जिल्हा ग्राहक आयोगातही तक्रार केली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही आणि दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, हे अनेकांना माहीत नसतं. पहिल्या ‘जनता’सोबत त्याने दिलेलं छापील कार्ड मी टाकलं नव्हतं, म्हणून पत्ता मिळाला. घड्याळजींनी काय आढळलं ते लेटरहेडवर लिहून दिलं, सही-शिक्क्यासह. त्यांचे उपकार मी विसरणार नाही; या बाजारात कुणी कुणाविरुद्ध लिहून देत नाही.

मामांचं म्हणणंही जोडायचं होतं. मी मजकूर टाइप करून नेला होता. त्यांनी तो बाजूला ठेवला, चष्मा लावला, कोरा कागद मागितला आणि आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं: “सन १९६१ च्या जूनमध्ये माझ्या वडिलांनी मला घेऊन दिलेल्या घड्याळाची तबकडी पांढरी होती.” खाली सही केली, तारीख घातली. मग भिंतीवरचा फोटो स्वतः उतरवून माझ्या हातात दिला.