जुन्या अमेरिकी नाण्यांचा भाव: रेड बुक बघावं की विक्रीच्या नोंदी?

मॉर्गन डॉलर (जुना चांदीचा डॉलर), व्हीट सेंट (गव्हाच्या ओंब्या असलेला जुना एक सेंट), जुने डाइम (दहा सेंट) हाती आले की भाव काढायला दोन वाटा असतात: 1946 पासून निघणारं रेड बुक, म्हणजे अमेरिकी नाण्यांची माहिती आणि भाव देणारं पुस्तक, नाहीतर लिलावांत आणि ईबेवर खरोखर विकल्या गेलेल्या नाण्यांच्या नोंदी. मी दोन्ही वापरतो.

नाणं ओळखायला पुस्तकच बरं. मॉर्गनच्या मागच्या बाजूला माळेखाली टांकसाळीची खूण नसेल तर फिलाडेल्फिया, सीसी असेल तर कार्सन सिटी, हे त्यात चटकन सापडतं. 1921 साली फिलाडेल्फियात चार कोटींहून जास्त डॉलर पाडले आणि 1893 साली सॅन फ्रान्सिस्कोत फक्त 1 लाख, हा फरकही एका नजरेत दिसतो. फक्त या आकड्यांवर फार विसंबू नये. 1918 च्या पिटमन कायद्यानंतर सुमारे 27 कोटी चांदीचे डॉलर वितळवले गेले. त्यात कुठल्या सालचे किती गेले, याचा हिशोब कुणाकडे नाही.

माझं पुस्तकाशी बिनसलं ते घासलेल्या नाण्यांवरून. माझ्याकडचे बरेचसे डॉलर आधीच्या मालकाने, आपल्याकडे दिवाळीच्या आधी चांदीची भांडी घासतात तसे, लखलखीत करून ठेवले होते. नक्षी ठसठशीत, पण टांकसाळीतून येणारी मूळ चकाकी गेलेली. उजेडात फिरवलं की बारीक ओरखडे दिसतात. पुस्तकातले भाव न घासलेल्या नाण्यांचे, आणि दुकानदार विकतो ते. घासलेल्या नाण्याला किती कमी धरायचं, यासाठी तिथे रकानाच नाही. दर वेळी अंदाजाने वजावट करायची, आणि दुकानदाराचा अंदाज आपल्यापेक्षा खाली, ठरलेलंच! विक्रीच्या नोंदींत मात्र अशी नाणी वेगळी सापडतात. ग्रेडिंग झालेल्या, म्हणजे तज्ज्ञ कंपनीने तपासून दर्जा ठरवलेल्या नाण्याच्या लेबलवर, ते घासलेलं असेल तर, ‘डिटेल्स’ असं लिहिलेलं असतं, शेजारी फोटो असतो. आपलं नाणं फोटोशी ताडून बघता येतं. माझ्या डॉलरना शेवटी मिळालेले पैसे या नोंदींच्या बरेच जवळ होते.

नोंदी वाचतानाही जपावं लागतं. मागितलेली किंमत सोडून द्यायची, ‘सोल्ड’ तेवढेच बघायचे, एका विक्रीवरून ठरवायचं नाही. बऱ्याच लिलावगृहांच्या आकड्यात खरेदीदाराकडून घेतलेलं कमिशनही असतं. ते विकणाऱ्याच्या हाती येत नाही. झिजलेला, सहज मिळणाऱ्या सालचा मॉर्गन असेल तर त्यातल्या पाऊण औंसाहून थोड्या जास्त चांदीचा त्या दिवसाचा दर आधी बघावा. छापील पुस्तक तिथे मागेच राहतं.

संग्रह नुकताच सुरू केला असेल तर पुस्तक जरूर घ्या, जुनी आवृत्तीही चालेल. विकायला निघाला असाल, आणि नाणी कुणी घासली असतील अशी जराही शंका असेल, तर मी नोंदींच्याच बाजूने. कार्सन सिटीचा 1889 चा दुर्मीळ डॉलर निघाला तर मात्र दोन्ही बाजूला ठेवून तो आधी ग्रेडिंगला पाठवा.